मास्तरीणबाईंचं कर्ज

२०२५ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. बर्फ पडून गेलेलं, ड्राइव्हवे साफ करायचा राहिलेला, आणि चहाचे कप टेबलावरच. बायकोनं माझ्यापुढे दोन पत्रं ठेवली. दोन्ही विद्यापीठांची, दोन्हीकडे तिला स्पेशल एज्युकेशनच्या मास्टर्सला प्रवेश मिळालेला. एक खासगी आणि नावाजलेलं, दोन वर्षांची फी ४१ हजार डॉलर. दुसरं आमच्या न्यू जर्सीचंच सरकारी, वर्ग संध्याकाळचे, खर्च १८ हजार. "तू इंजिनियर ना, मांड हिशोब," ती म्हणाली. "फक्त एक अट. कर्ज माझ्या नावावर आणि फेड माझ्या पगारातून. मुलीच्या कॉलेजच्या पैशाला हात लावायचा नाही."

मी लॅपटॉप उघडला आणि माझ्या स्वभावाप्रमाणे तीन रकाने आखले. पहिला खासगीचा, दुसरा सरकारीचा आणि तिसरा, कुणी विचारलेलं नसताना, डेटा ॲनालिटिक्सच्या सर्टिफिकेटचा. खर्च कमी, पगार जास्त. आकडे तिसऱ्या रकान्याच्या बाजूनं चांगले बोलत होते. तिनं ते शांतपणे पाहिले आणि विचारलं, "माझी दहा वर्षं कुठल्या कॉलमात घातलीस?"

या दहा वर्षांबद्दल आपल्या वाचकांना फार सांगायला नको. सांगलीच्या ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारी ही बाई २००५ साली माझ्यामागून इथे आली, आधी एफ-टू, मग एच-फोर. नोकरीची परवानगी नाही. २०१५ च्या मे महिन्यात एच-फोरवाल्यांपैकी काहींना काम करायची मुभा मिळाली, त्यात तिचा नंबर लागला. आधी मुलीच्या शाळेत फुकट मदत, मग २०१८ पासून तिथेच स्पेशल एज्युकेशनच्या वर्गात मदतनीस. वर्षाला जेमतेम २४ हजार. पण मंगळवारी एका न बोलणाऱ्या मुलानं चित्रांच्या फळ्यावरून 'पाणी' उचलून तिच्या हातात दिलं, हे ती मला तीनदा सांगते आणि तिन्ही वेळा तिचा चेहरा तसाच असतो.

त्या रात्री मला झोप आली नाही, पण ती वेगळ्या कारणानं. माझ्या लक्षात आलं की माझ्या स्वतःच्या डॉक्टरेटला मी एक पैसाही दिलेला नाही. २००१ साली दोन बॅगा घेऊन उतरलो, प्रोफेसरांकडे केंद्र सरकारचं संशोधन-अनुदान होतं, त्यातून माझी फीही भरली गेली आणि वर दरमहा पगार मिळाला. हे सगळं मी स्वतःच्या हुशारीच्या खात्यावर जमा करून टाकलं होतं. ज्या बाईला सरकारच्या कायद्यानं बंधनकारक केलेलं काम करायचं आहे, तिनं मात्र त्यासाठी कर्ज काढायचं. हे असं कसं झालं? तेव्हा लायब्ररीतून पुस्तकं आणली. त्यातून जे हाती लागलं ते पुढे देतो. मी इतिहासाचा माणूस नाही, हे लक्षात ठेवूनच वाचा.

सुरुवात कर्जापासून होतच नाही. ३ जुलै १८३९ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्झिंग्टन गावी अमेरिकेतलं पहिलं सरकारी अध्यापक-विद्यालय उघडलं. त्याला 'नॉर्मल स्कूल' म्हणत. पहिल्या दिवशी विद्यार्थिनी आल्या फक्त तीन. शिकवण्याचं काम करीन असं वचन देणाऱ्यांना फी नव्हती. सरकारचा हिशोब साधा होता: शाळा आम्हाला चालवायच्या आहेत, मास्तर आम्हाला हवेत, तर ते तयार करण्याचा खर्चही आमचाच. आमच्या न्यू जर्सीत असं विद्यालय १८५५ साली ट्रेंटनला निघालं.

वाचताना मला आपलं पुणं आठवलं. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि तिच्या आजीव सभासदांनी वीस वर्षं ७५ रुपये पगारावर शिकवायचं व्रत घेतलं. गोखल्यांनी ते निभावलं. लहानपणी ही गोष्ट आम्हाला त्यागाची म्हणून सांगितली गेली आणि ती तशी आहेच. पण तरुण मास्तरांनी अल्प पगारावर काम करावं अशी अपेक्षा ठेवणाऱ्या त्या संस्थेनं, आधी कर्ज काढून या, असं कुणाला सांगितलं नव्हतं!

विशेष शिक्षणाचा धागा वेगळा आहे. १८९९ साली न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला एलिझाबेथ फॅरेल नावाच्या तरुण शिक्षिकेनं एक 'इयत्ता नसलेला' वर्ग सुरू केला. इतर वर्गांत न बसणारी मुलं तिथे येत. पुढे शहरभर असे वर्ग झाले. १९२२ साली अशा मुलांच्या शिक्षणासाठी कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजात जी परिषद स्थापन झाली, तिच्या पहिल्या अध्यक्षा त्याच. आमच्या राज्याचाही यात मोठा वाटा आहे. अशा मुलांसाठी खास वर्ग काढणं शाळांना सक्तीचं करणारं पहिलं राज्य न्यू जर्सी, साल १९११. मात्र याच राज्यात व्हाइनलंडच्या संस्थेत हेन्री गोडार्ड यांनी बुद्धिमापनाच्या चाचण्यांवरून मंदबुद्धी ही घराण्यातून उतरते असे निष्कर्ष काढले, १९१२ साली त्यावर पुस्तक लिहिलं आणि ते पुढे सुप्रजननवाद्यांच्या हाती कोलीत म्हणून गेलं. म्हणजे मुलांना वर्ग देणारे आणि मुलांना समाजाबाहेर ठेवू पाहणारे, दोघे एकाच राज्यात, दोन-तीन तासांच्या अंतरावर.

आता पगाराकडे येतो, कारण माझ्या रकान्यांची किल्ली इथे सापडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्राथमिकच्या शिक्षिकेला हायस्कूलच्या शिक्षकापेक्षा बराच कमी पगार असे. बायकांना पुरुषांहून कमी, काळ्यांना गोऱ्यांहून कमी. १९२१ साली डेन्व्हर आणि डी मॉइन या दोन शहरांनी 'एकच वेतनपत्रक' आणलं: पदवी कोणती आणि नोकरी किती वर्षं, एवढ्या दोनच गोष्टींवर पगार. शतकाच्या मध्यापर्यंत ही पद्धत देशभर पसरली. न्याय्य सुधारणा होती, शिक्षिकांनी त्यासाठी झगडाही दिला होता. पण तिचा एक परिणाम तेव्हा कुणाच्या ध्यानात आला नसावा. एखाद्या विषयाचे शिक्षक मिळेनासे झाले तरी त्या विषयाचा भाव वाढत नाही. आमच्या धंद्यात जावा येणारे मिळेनात तेव्हा काय झालं ते आपण पाहिलंय; भाव वाढला आणि निम्मं हिंजवडी इकडे आलं. स्पेशल एज्युकेशनला मात्र शिक्षकांचा तुटवडा पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि वेतनपत्रक तेच. हवाई राज्यानं २०२० साली धाडस करून अशा शिक्षकांना वर्षाला १० हजार डॉलर जादा दिले, तेव्हा रिकाम्या जागा घटल्या. पण ते एक राज्य.

आमच्या गावच्या शाळांचं वेतनपत्रक मी इंटरनेटवरून उतरवून घेतलं. मास्टर्सचा रकाना एकच. ४१ हजारांची मास्टर्स आणि १८ हजारांची मास्टर्स, दोन्ही त्याच रकान्यात, त्याच पायरीवर, साधारण ६० हजार. नावाजलेल्या विद्यापीठाचं नाव त्या कागदावर कुठे लिहायलाच जागा नाही. आपण मराठी माणसं मुलांच्या बाबतीत कॉलेजच्या नावासाठी जीव टाकतो. या एका धंद्यात नावाची किंमत १९२१ सालीच शून्यावर आणून ठेवलेली आहे.

मग १९५८. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियानं स्पुटनिक सोडला, ८३ किलोंचा एक गोळा, आणि अमेरिकेची झोप उडाली. ११ महिन्यांत, २ सप्टेंबर १९५८ रोजी, आयझेनहॉवर यांनी राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यावर सही केली. केंद्र सरकारनं सर्वसाधारण विद्यार्थ्यांना कर्ज देण्याची ही सुरुवात. वर्षाला जास्तीत जास्त १,००० डॉलर, व्याज ३ टक्के, शिक्षण संपल्यावर एक वर्षानं फेड सुरू, मुदत दहा वर्षं. प्राधान्य कुणाला? एक, शाळेत शिकवू इच्छिणारे हुशार विद्यार्थी. दोन, विज्ञान, गणित, इंजिनियरिंग किंवा परकीय भाषांत गती असणारे. मास्तरीण आणि इंजिनियर एकाच कलमात शेजारी-शेजारी बसलेले! आणि फरक केला तो मास्तरणीच्या बाजूनं. सरकारी शाळेत शिकवलं तर दरवर्षी १० टक्के, अशी पाच वर्षांत निम्मी रक्कम माफ. इंजिनियरनं सगळी फेडायची.

(याच कायद्यात, सरकार उलथवणाऱ्या कोणत्याही संघटनेवर आपला विश्वास नाही, असं प्रतिज्ञापत्र कर्जदाराकडून घेत. हार्वर्ड आणि येलनं त्या निषेधार्थ १९५९ साली अंग काढून घेतलं. अट १९६२ साली गेली. कर्जाबरोबर शपथ घ्यायला लावायची कल्पना कुणाला सुचली असेल?)

त्यानंतर चारच दिवसांनी, ६ सप्टेंबरला, आणखी एक छोटा कायदा झाला. त्याचा क्रमांक ८५-९२६. त्या काळच्या भाषेत 'मतिमंद' मुलांच्या शिक्षणासाठी माणसं तयार करायला विद्यापीठांना आणि राज्यांना अनुदान. पहिल्या कायद्याला स्पुटनिकची भीती होती, या दुसऱ्यामागे मुख्यतः आईबापांच्या संघटना होत्या. केनेडी आल्यावर याला जोर मिळाला. त्यांची बहीण रोझमेरी अशीच होती, हे घराण्यानं अनेक वर्षं झाकून ठेवलेलं. ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी त्यांनी सही केलेल्या कायद्यानं हे अनुदान इतर प्रकारच्या अपंगत्वांनाही लागू केलं. तीन आठवड्यांनी ते गेले.

मला हा काळ पुन्हा पुन्हा वाचावासा वाटला. मास्तरीण तयार करायचा खर्च सरकारचा की तिचा, या प्रश्नाचं उत्तर तेव्हा अजून ठरलेलं नव्हतं. अनुदान हा एक रस्ता होता, कर्ज हा दुसरा. पुढे दुसरा रुंद होत गेला.

८ नोव्हेंबर १९६५ रोजी लिंडन जॉन्सन उच्च शिक्षण कायद्यावर सही करायला टेक्सासमधल्या सॅन मार्कोसला, स्वतःच्या जुन्या कॉलेजात गेले. ते मुळात मास्तर. १९२८ साली, शिक्षणाचा खर्च भागवायला कॉलेज मध्येच थांबवून, कोटुला गावात मेक्सिकन मुलांच्या शाळेत शिकवत होते. त्या मुलांची आठवण काढत त्यांनी सही केली. भावना खरी होती. पण याच कायद्यानं बँकांनी द्यायचं आणि सरकारनं हमी घ्यायची अशी कर्जाची व्यवस्था आली. जुनी नॉर्मल स्कूल्स तोवर टीचर्स कॉलेज, मग स्टेट कॉलेज, मग युनिव्हर्सिटी अशा पायऱ्या चढत होती. प्रतिष्ठा वाढली, फी वाढली, मास्तरकीचा परवाना मिळवायला पदवी लागू लागली आणि फुकटचं वचनपत्र कुठल्या तरी कपाटात राहिलं.

आणि नेमक्या याच वेळी मागणीचा स्फोट झाला. १९७१-७२ साली पेनसिल्व्हेनिया आणि वॉशिंग्टन डी.सी.मधल्या पालकांनी कोर्टात जाऊन, अपंगत्वाच्या कारणानं मुलाला शाळेबाहेर ठेवता येणार नाही, हे मान्य करून घेतलं. अमेरिकन काँग्रेसच्या पाहणीप्रमाणे तेव्हा देशात ८० लाख अपंग मुलं होती आणि त्यातली १० लाख सरकारी शाळांतून पूर्णपणे बाहेर. २९ नोव्हेंबर १९७५ रोजी अध्यक्ष फोर्ड यांनी ९४-१४२ क्रमांकाच्या कायद्यावर सही केली: प्रत्येक मुलाला मोफत आणि योग्य शिक्षण. सही करतानाच त्यांनी लिहून ठेवलं की, सरकारला झेपेल त्यापेक्षा जास्त वचन यात दिलं जातंय. दुर्दैवानं ते खरं ठरलं. जादा खर्चापोटी देशाच्या दर विद्यार्थी सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत रक्कम केंद्र देईल असं ठरलं होतं. ते ४० टक्के एकाही वर्षी आले नाहीत. उरलेला भार राज्यांवर आणि गावांवर पडला. आपण ज्या प्रॉपर्टी टॅक्सच्या नावानं मंडळाच्या पिकनिकला बोटं मोडतो, त्यात याचाही हिस्सा आहे. २०२२-२३ साली या कायद्याखाली ७५ लाख मुलं शिकत होती, म्हणजे सरकारी शाळांतल्या शंभरातली पंधरा.

गावाला परवडेना म्हणून पगार वाढेना, आणि शिक्षण घेणाऱ्याचा खर्च तर वाढतच चालला. मधली फट भरायला सरकारनं वापरली ती १९५८ ची जुनी युक्ती, कर्जमाफी. त्या पहिल्या कर्जाचं नाव पुढे पर्किन्स कर्ज झालं. त्यात स्पेशल एज्युकेशनच्या शिक्षकाला पाच वर्षांत संपूर्ण रक्कम माफ होत असे. साधी, सरळ योजना. ३० सप्टेंबर २०१७ रोजी ती बंद पडली. २००४ पासून गरीब वस्तीतल्या शाळेत सलग पाच वर्षं शिकवणाऱ्या स्पेशल एज्युकेशनच्या शिक्षकाला १७,५०० डॉलरपर्यंत माफी आहे. २००७ च्या कायद्यानं दोन गोष्टी आणल्या. एक, सार्वजनिक सेवेत दहा वर्षं, म्हणजे १२० हप्ते, भरले की उरलेलं कर्ज माफ. पहिले कर्जदार २०१७ साली पात्र झाले आणि त्या पहिल्या काळातले ९९ टक्क्यांहून जास्त अर्ज नामंजूर झाले. कुणाचं कर्ज चुकीच्या प्रकारचं, कुणाचा हप्ता चुकीच्या योजनेतला. २०२१ साली नियम सैल केल्यावर लाखो लोकांची सुटका झाली. दुसरी गोष्ट 'टीच' अनुदान: वर्षाला ४,००० डॉलरपर्यंत, बदल्यात आठ वर्षांत चार वर्षं गरीब शाळेत शिकवायचं. अट मोडली की अनुदानाचं कर्ज होतं, तेही पहिल्या दिवसापासूनच्या व्याजासकट. आपल्याच ओळखीतल्या एका कुटुंबातली मुलगी शाळेत इमानानं शिकवत होती. वार्षिक फॉर्म काही दिवस उशिरा पोचला आणि अनुदानाचं कर्ज झालं. अशी हजारो प्रकरणं २०१८ च्या सुमारास उजेडात आली आणि मग सरकारनं बऱ्याच जणांचं पुन्हा अनुदान करून दिलं.

सेवेच्या बदल्यात शिक्षण, हा करार आपल्याला परका नाही. १९१३ साली बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात आले ते दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार करून. दरमहा साडेअकरा पौंड. १९१७ साली ते बडोद्यात रुजू झाले, आणि तिथे त्यांना राहायला जागा मिळेना, कचेरीत शिपाई कागद लांबून टाकत. थोड्याच दिवसांत त्यांना बडोदं सोडावं लागलं. करारात नोकराची बाजू बारकाईनं लिहिलेली असते. मालकाच्या बाजूला काय लिहिलेलं असतं, ते मी हल्ली आधी वाचतो.

आता आमचं घर. २०२५-२६ साठी पदव्युत्तर सरकारी कर्जाचा व्याजदर ७.९४ टक्के. ४१ हजार दहा वर्षांत फेडायचे तर महिना ४९६ डॉलर, एकूण साडेएकोणसाठ हजार. शिकत असताना चढणारं व्याज वेगळंच. आयझेनहॉवरच्या ३ टक्क्यांनी हेच कर्ज महिना ३९६ नं फिटलं असतं. १८ हजारांना महिना २१८, एकूण २६ हजारांच्या थोडं वर. माफीचं म्हणाल तर तिची शाळा गरीब वस्तीच्या यादीत नाही, म्हणून १७,५०० ही नाहीत आणि 'टीच'ही नाही. दहा वर्षांवाल्या योजनेत हप्ता उत्पन्नावर ठरतो, आणि नवरा-बायको मिळून टॅक्स भरत असतील तर माझा पगारही त्यात धरतात. तसं केलं तर दहा वर्षांत सगळं तीच फेडणार, माफ करायला काही उरतच नाही. सल्ला देणारे बरेच जण ही ओळ गाळतात, म्हणून मुद्दाम लिहिली. ज्या घरात एक पगार आमच्या धंद्यातला आहे, तिथे माफीवर भिस्त ठेवून मोठं कर्ज काढू नये.

माझ्या हिशोबात एक ढोबळ चूक होती, ती तिनं दाखवली. पदवीच्या शेवटी वर्गात पूर्णवेळ सराव-अध्यापन असतं आणि त्याला पगार नसतो. तेवढे महिने मदतनीसाची नोकरी सोडायची म्हणजे १२ हजारांवर पाणी. हा आकडा कुठल्याच विद्यापीठाच्या पत्रकात नव्हता. आमच्यासाठी तो १२ हजारांचा, पण तिच्या शाळेत दोन मुलं एकटीनं वाढवणारी एक मदतनीस आहे, तिच्यासाठी तो दरवाजाच बंद करणारा आकडा आहे. वीस वर्षं ती त्याच वर्गात आहे आणि नव्या येणाऱ्या पदवीधर शिक्षिका पहिले काही महिने तिलाच विचारून काम करतात.

जुलै २०२५ मध्ये झालेल्या नव्या कायद्यानं १ जुलै २०२६ पासूनच्या नव्या कर्जदारांसाठी पदव्युत्तर कर्जाला मर्यादा घातली. वैद्यकी, कायदा अशा 'व्यावसायिक' पदव्यांना वर्षाला ५० हजार, बाकीच्यांना २०,५००. ज्या जुन्या यादीच्या आधारानं 'व्यावसायिक' ठरवायचं त्यात धर्मशास्त्र आहे, शिक्षणशास्त्र नाही. इंजिनियरिंगही नाही, हे इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण आमची पोरं कर्ज काढून पीएच.डी. करत नाहीत.

तिनं सरकारी विद्यापीठ घेतलं. मला वाटलं माझ्या वेतनपत्रकानं तिला पटवलं. तसं नव्हतं. खासगी विद्यापीठाचे वर्ग दुपारी तीनला सुरू होत, आणि शाळेची बस साडेतीनला सुटते. त्या मुलाला बसमध्ये बसवणारी तीच. तिसरा रकाना मी पुसून टाकला, फाइल मात्र तिनं स्वतःकडे मागून घेतली आणि दोन्ही रकान्यांत सराव-अध्यापनाची ओळ भरली. सप्टेंबर २०२५ पासून मंगळवार आणि गुरुवार रात्री स्वयंपाक माझ्याकडे आहे. भात अजून चिकट होतो.